बिलावर नाव कुणाचं?

आपल्या इतिहासाच्या सदरात आज गोष्ट आहे लाईट बिलाची.

तुमच्या घरात कुठल्यातरी फाईलमध्ये एक लाईट बिल जपून ठेवलेलं असेलच. आपल्याकडे या कागदाला मान मोठा. बँकेत खातं उघडायचं असो, पासपोर्ट काढायचा असो की मुलाचा शाळाप्रवेश, खिडकीपलीकडून प्रश्न येतोच, "पत्त्याचा पुरावा? लाईट बिल आहे का?" भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हा प्रश्न बोचतो. वीज तो जाळतो, पैसे तो भरतो, पण बिलावर नाव घरमालकाचं.

हाच प्रश्न मला परमुलखात, सौदी अरेबियात, फार कडक रीतीने भेटला. २००९ साली संगणकाच्या कामासाठी मी अल-खोबरला गेलो. एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. इमारतीच्या रखवालदाराला तिथे हारिस म्हणतात. त्याने किल्ली हातात दिली, दिवे लावून दाखवले, नळ सोडून दाखवला. मला वाटलं, झालं, घर लागलं. तिसऱ्या आठवड्यात, ऐन जुलैत, भर दुपारी वीज गेली. चौकशी केली तेव्हा कळलं की आधीच्या भाडेकरूची थकबाकी होती. मीटर मालकाच्या नावावर, मालक दुसऱ्या शहरात, आणि माझ्याकडे ना बिल ना खातेक्रमांक. मी त्या घरात राहतो हे सिद्ध करणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता.

समोरच्या फ्लॅटमध्ये राजापूरचे एक चाचा राहत. १९८१ पासून तिथेच. त्यांनी काही न बोलता आपल्या घरातून एक लांब वायर ओढून माझा फ्रिज आणि पंखा चालू करून दिला. मग चहा देत म्हणाले, "मीटर मालकाचा. उकाडा तेवढा आपला."

दोन दिवसांनी वीज आली. चाचांचं वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. त्या देशात घरोघरी पाणी, वीज, फोन, इंटरनेट आलं कसं, आणि भाड्याने राहणाऱ्याचं नाव त्यात कधी आलं, हे मी तेव्हापासून शोधत राहिलो. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण त्या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. आठव्या-नवव्या शतकात बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याची राणी झुबैदा हिने मक्केच्या यात्रेकरूंसाठी डोंगरातून पाण्याचे पाट बांधून आणले. त्याला 'ऐन झुबैदा' म्हणतात. ते पाट शतकानुशतकं दुरुस्त होत राहिले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या दुरुस्तीला हिंदुस्थानातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी आणि दात्यांनीही पैसा दिला होता. त्या काळी आपल्याकडचे यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जेद्दाला उतरत. तिथे प्यायचं पाणी किती महाग आणि किती घाण असतं, हे घरी परतलेले हाजी सांगत. वर्गणी उगाच जमली नाही.

जेद्दाला तर समुद्र दारात आणि प्यायला थेंब नाही. लोक पावसाचं पाणी हौदांत साठवत. २०व्या शतकाच्या सुरुवातीला तुर्की राजवटीने तिथे समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं यंत्र बसवलं. 'कंडेन्सर' या शब्दाचं अरबी जिभेवर 'कंदासा' झालं, आणि जेद्दाचे म्हातारे अजून तो शब्द ओळखतात. यंत्राला कोळसा लागे, ते वरचेवर बंद पडे, आणि पाणी अंगावर वाहून नेणारे सक्के ते घरोघर विकत. १९४७ साली राजा अब्दुलअझीझ यांच्या काळात वादी फातिमा इथून नळाने पाणी जेद्दात आलं. शहर वाढलं तसं तेही पुरेना. मग १९७० साली जेद्दाला खारं पाणी गोडं करण्याचा मोठा आधुनिक प्रकल्प सुरू झाला, आणि १९७४ साली या कामासाठी स्वतंत्र सरकारी महामंडळ उभं राहिलं. रियाध समुद्रापासून चारशे किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. १९८० च्या दशकात तिथेही जुबैलच्या किनाऱ्यावरून गोडं केलेलं पाणी पंपांनी चढवून आणलं गेलं. म्हणजे रियाधच्या मोरीत तुम्ही बादली भरता, तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी समुद्रातून काढून, तापवून किंवा गाळून, वाळवंट ओलांडून आलेलं असतं.

पण हे पाणी भाडेकरूच्या नावावर येत नसे. ते इमारतीच्या तळाशी असलेल्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग नळाला. बिल इमारतीचं, मालकाच्या नावाने. नळाचं पाणी पुरलं नाही तर टँकर मागवायचा. टँकरला तिथे 'वायत' म्हणतात. फार पूर्वी 'व्हाईट' नावाच्या अमेरिकन कंपनीचे ट्रक पाणी वाहायचे, त्यावरून हा शब्द पडला असं सांगतात. म्हणून घर बघताना चाचांचा पहिला प्रश्न असे, "टाकी किती मोठी, आणि वायतचे पैसे कोण देतो?" आपल्याकडे टँकरवर दिवस काढलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आता वीज. १९०८ साली हिजाझ रेल्वे मदिनेला पोचली, आणि साधारण त्याच सुमारास तिथल्या मशिदीत विजेचे दिवे लागले. घरांत वीज यायला मात्र पुष्कळ वर्षं गेली. १९३८ साली पूर्व किनाऱ्यावर दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागलं. मग धहरानला अमेरिकन तेल कंपनीची वसाहत वाढली, आणि तिथे वीज, थंड हवा, सारं काही आलं. कुंपणाबाहेर गावोगावी लहानलहान वीज कंपन्या निघाल्या. कुणाचा जनरेटर केवढा, कुणाचा दर काय, याचा एकमेकांशी मेळ नव्हता. तेलाचा पैसा आल्यावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने त्यांना गोळा करून प्रांतवार मोठ्या कंपन्या केल्या, आणि २००० साली त्या सगळ्या मिळून एकच सौदी वीज कंपनी झाली.

या इतिहासाची खूण नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात सापडते. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची. तिकडच्या जुन्या घरांत दोन प्रकारच्या विजेचे सॉकेट शेजारीशेजारी असतात, एक १२७ व्होल्टचा आणि एक २२० चा. दोन्ही एकाच तारांच्या जुडग्यातून येतात. एक फेज आणि न्यूट्रल धरली की १२७, दोन फेज धरल्या की त्याच्या १.७३ पट, म्हणजे २२०. दिवे, टीव्ही १२७ वर आणि एसीसारखी जड यंत्रं २२० वर, असा बेत होता. पुण्याहून आणलेला मिक्सर १२७ च्या सॉकेटला लावा, तो दमेकरी माणसासारखा फिरतो आणि चटणी काही वाटली जात नाही. उलट तिथेच घेतलेली ११० व्होल्टची इस्त्री चुकून २२० ला लावली तर धूर. आमच्या इमारतीत असा धूर दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या घरातून निघे. २०१० साली सरकारने टप्प्याटप्प्याने २३० व्होल्टवर जायचं ठरवलं. नव्या इमारती तशाच बांधल्या जातात, पण जुन्या इमारतीत घर घेत असाल तर आजही सॉकेटवरचा आकडा वाचल्याशिवाय काही लावू नका.

आणि मीटर? वीज स्वस्त होती तोवर मीटर कुणाच्या नावावर आहे याची फारशी फिकीर कुणी करत नसे. घरगुती विजेच्या पहिल्या २,००० युनिटना दर होता युनिटमागे ५ हलाला. शंभर हलालांचा एक रियाल. म्हणजे महिन्याला २,००० युनिट जाळले तरी बिल १०० रियाल. कितीतरी मालक भाड्यातच वीज धरत. मोठ्या घराचे भिंती घालून चार तुकडे केलेले, मीटर एकच, आणि बिल चौघांत वाटलेलं, असंही सर्रास चाले.

१ जानेवारी २०१८ ला हे चित्र बदललं. घरगुती दर पहिल्या ६,००० युनिटना १८ हलाला झाला आणि त्यावर ५ टक्के मूल्यवर्धित कर आला. जुलै २०२० पासून तो कर १५ टक्के झाला. तेच २,००० युनिट आता कर धरून ४१४ रियालला पडू लागले. त्या देशात घरगुती विजेचा निम्म्याहून मोठा वाटा एसी खातो, आणि उन्हाळ्यात एसी बंद ठेवणं शक्य नसतं. माझ्या ओळखीतल्या तीन-चार मालकांनी त्याच वर्षी भाड्यातून वीज वेगळी काढली. चौघांत एक मीटर असलेल्या घरांत भांडणं सुरू झाली. कुणाचा एसी रात्रभर चालतो, कुणाकडे पाहुणे राहिले, याचे हिशेब जिन्यात होऊ लागले. 'बिलावर नाव कुणाचं' हा प्रश्न आता पैशाचा झाला होता.

मंडळी, इथे गॅसबद्दल एक वाक्य सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे गॅसचा नंबर लागणं हा एके काळी घरातला सोहळा होता. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि ते पुस्तक दागिन्यासारखं कपाटात ठेवायचं. तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात रिकामा सिलिंडर द्यायचा, पैसे द्यायचे, भरलेला उचलायचा. नाव नाही, पुस्तक नाही, प्रश्न नाही.

आता फोन. चाचा १९८१ ला गेले तेव्हा सौदीत फोनचं मोठं काम चालू होतं. १९७७ च्या शेवटी सरकारने फिलिप्स, एरिक्सन आणि बेल कॅनडा यांना सगळ्या देशाचं टेलिफोनचं जाळं नव्याने उभारायचं कंत्राट दिलं होतं. ते अब्जावधी डॉलरचं होतं आणि त्या काळी जगातल्या सर्वात मोठ्या दूरसंचार कंत्राटांत गणलं गेलं. तारा पडल्या, एक्स्चेंज उभी राहिली. पण कामगारांच्या खोलीत फोन कुठून येणार? आणि समजा आला असता, तरी राजापूरच्या वाडीत तो उचलायला फोन होता का? चाचा सांगत, "आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. तासभर बोलायचो टेपरेकॉर्डरसमोर. गावाला निघालेल्या माणसाच्या हाती द्यायचो. उत्तर यायला दोन महिने." आपल्याकडे पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी-आयएसडी बूथं आली, तिकडे रस्तोरस्ती टेलिफोनच्या केबिनी झाल्या. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी केबिनीबाहेर रांग, आत घड्याळाकडे बघत बोलणारा माणूस. १९९८ साली सरकारी खात्यातून सौदी टेलिकॉम कंपनी वेगळी झाली. २००५ मध्ये दुसरी मोबाईल कंपनी आणि २००८ मध्ये तिसरी सुरू झाली, आणि केबिनी हळूहळू ओस पडल्या.

इंटरनेटची गोष्ट आणखी अलीकडची. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. सौदीत विद्यापीठांत ते त्याच सुमारास पोचलं होतं. घरांसाठी मंत्रिमंडळाने १९९७ मध्ये मंजुरी दिली आणि प्रत्यक्ष जोडण्या १९९९ च्या सुरुवातीला मिळू लागल्या. मधल्या दोन वर्षांत रियाधमधल्या एका सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत सगळ्या देशासाठी एकच दरवाजा बांधला गेला. येणारं-जाणारं सगळं त्यातून गाळून जाणार. ज्यांना धीर नव्हता ते त्याआधी परदेशी, बहुतेक बहरीनला, फोन लावून इंटरनेट जोडत आणि परदेशी कॉलचं बिल भरत.

मी गेलो तेव्हा डीएसएल आलं होतं, पण फोनची जोडणी ज्याच्या नावावर त्यालाच ते मिळे. आमच्या इमारतीत अशी एकच जोडणी होती. तिच्यावरून खिडक्यांखालून, पाईपला बांधत, निळ्या केबली पाच घरांत गेल्या होत्या. मी पेशाने संगणकवाला, त्यामुळे ते जाळं सांभाळणं माझ्याकडे आलं. महिन्याअखेर पाच घरांतून पैसे गोळा करून चाचांच्या हाती द्यायचे. संध्याकाळी पाचही घरं एकदम जोडली जात आणि कुणालाच धड काही दिसत नसे.

त्यात एक बंधन होतं. इंटरनेटवरून आवाजाचे आणि चित्राचे कॉल करणाऱ्या बऱ्याच सेवा तिथे बंद होत्या. २०१३ मध्ये व्हायबर बंद झालं, पुढे इतरही. माझी मुलगी २०१४ मध्ये तिथे जन्मली. आईला पुण्यात नात बघायची होती. आम्ही छोटे व्हिडिओ काढून पाठवायचो, ती उत्तरादाखल आपला आवाज भरून पाठवायची. चाचांच्या कॅसेटसारखंच, फक्त दोन महिन्यांऐवजी दोन मिनिटांत. सप्टेंबर २०१७ मध्ये नियम पाळणाऱ्या सेवांवरची बंदी उठली. पहिल्या कॉलला आई पडद्यासमोर पाच मिनिटं काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली.

ती नात जिच्यातून दिसत होती, ती तारही ऐका. मुंबई आणि जेद्दा हे समुद्राच्या तळावरून जाणाऱ्या एकाच केबलीचे थांबे आहेत. एक नव्हे, अशा अनेक केबली आहेत. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या किनाऱ्याजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा भारतात आणि सौदीत एकाच दिवशी इंटरनेट मंदावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हाही भारतात इंटरनेट मंदावलं. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझला पहिली तारायंत्राची केबल गेली, तीही याच समुद्रातून.

आता शेवटचा धागा, पत्त्याचा. २००९ मध्ये माझ्या घराला पत्ताच नव्हता. पत्रं कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येत. घरी कुणाला बोलवायचं तर "अमक्या मशिदीच्या मागे, बेकरीवरून डावीकडे". सौदी पोस्टाने नंतर 'राष्ट्रीय पत्ता' आणला. इमारतीचा चार आकडी क्रमांक, रस्ता, वस्ती, शहर, पाच आकडी पिनकोड आणि चार आकडी जादा क्रमांक. २०१८ पासून भाडेकरार 'ईजार' या सरकारी व्यवस्थेत ऑनलाईन नोंदवले जाऊ लागले. मालक आणि भाडेकरू दोघांनी मोबाईलवरून मान्यता द्यायची. करारात मीटरचा क्रमांकही येतो आणि विजेचं खातं भाडेकरूच्या नावावर करता येतं. २०२०-२१ मध्ये देशभर सुमारे एक कोटी स्मार्ट मीटर बसले, त्यामुळे वाचन घ्यायला माणूस यायची गरज उरली नाही. फायबरचं इंटरनेटही या राष्ट्रीय पत्त्यावर आणि इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, क्रमांकावर मिळतं.

सोय मोठी झाली. पण नावाबरोबर जबाबदारीही आली. पूर्वी थकबाकी मालकाच्या मीटरवर राहायची आणि माझ्यासारखा नवा माणूस अंधारात बसायचा. आता ती तुमच्या क्रमांकाला चिकटते आणि घर सोडलं तरी मागे येते. म्हणून तुमच्यापैकी कुणी किंवा तुमच्या घरातलं कुणी तिकडे जाणार असेल, तर एवढं करा. किल्ली घेण्याआधी आधीची थकबाकी शून्य आहे का ते बघा. पहिल्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मीटर तुमचा एकट्याचा आहे की चौघांत, आणि वायतचे पैसे कुणाचे, हे करारात लिहून घ्या. फायबरचा डबा घरात आहे का ते विचारा. आणि निघताना वीज नावावरून उतरवा, इंटरनेट लेखी बंद करा, शेवटच्या बिलाची पावती जवळ ठेवा. आपल्याकडे पुण्या-मुंबईत भाड्याने राहतानाही यातलं बरंच कामाला येतं.

२०१९ मध्ये मी रियाधला घर बदललं आणि पहिल्यांदा माझ्या नावाचं वीजबिल मोबाईलवर आलं. अरबी लिपीत 'प' हे अक्षर नाही, त्यामुळे माझ्या आडनावातल्या 'प' चा 'ब' झाला होता. रक्कम मात्र बरोबर होती. मी तो फोटो चाचांना पाठवला. ते एव्हाना कायमचे राजापूरला परतले होते. तिथे त्यांनी आखाताच्या पैशातून घर बांधलंय. त्यांनी उत्तरादाखल त्यांच्या घराच्या लाईट बिलाचा फोटो पाठवला. अडतीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाचं स्वतःच्या नावाचं ते पहिलं बिल. खाली लिहिलं होतं, "युनिट कमी येतात. इथे वारा आहे."

मंडळी, आज घरी गेल्यावर आपलं लाईट बिल एकदा काढून बघा. नाव कुणाचं आहे, आणि त्या नावाआधी कुणाचं होतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.